खेळण्यांनाही पत्ता हवा!

मुलांनो, एक प्रश्न विचारते. अगदी खरं खरं उत्तर द्यायचं हं! रात्रीची वेळ. दिवे गेलेले. आई मेणबत्ती शोधायला स्वयंपाकघराकडे निघाली आणि मध्येच "आई गं!" म्हणून ओरडत एका पायावर नाचायला लागली. तिच्या पायाखाली काय आलं असेल?

बरोबर! ठोकळा. नाहीतर मोटारीचं चाक. नाहीतर सापशिडीचा तो फासा, जो तुम्ही गेले चार दिवस शोधत होतात!

आमच्या घरी हा नाच वरचेवर व्हायचा. मी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. घरी दोन मुलं. थोरली तिसरीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. घर दोन खोल्यांचं. पण खेळणी चार खोल्यांना पुरतील एवढी! काही वाढदिवसाला आलेली, काही जत्रेतून आणलेली, काही मामाने पाठवलेली, तर काही बिस्किटाच्या पुड्याबरोबर फुकट मिळालेली. ही सगळी आम्ही एका मोठ्या गोणीत कोंबून दाराआड ठेवत असू. आवरायला किती सोपं, असं मला वाटायचं. पण धाकट्याला एक लाल मोटार हवी असली, तरी तो अख्खी गोणी उपडी करायचा. मोटार नेमकी तळाशी! ती घेऊन स्वारी पसार व्हायची, आणि खोलीभर पसरलेला ढीग तसाच राहायचा.

मग माझी टकळी सुरू. "आवरा आधी!" "किती वेळा सांगायचं?" "उद्या सगळं भंगारात देऊन टाकते!" आई-बाबांनो, ही वाक्यं तुमच्याही ओळखीची असतील, नाही का?

शाळेत आवरतं, मग घरी का नाही?

एके दिवशी वर्गात गणिताची पेटी काढली होती. मण्यांच्या माळा, ठोकळे, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे असं सगळं मुलांसमोर होतं. तास संपल्यावर मी "ठेवा रे" म्हटलं आणि फळा पुसायला वळले. फळा पुसून मागे पाहते, तर एकूण एक वस्तू जागच्या जागी! ना आरडाओरडा, ना रडारड.

मला स्वतःचंच हसू आलं. सहा-सहा वर्षांची मुलं इथे दोन मिनिटांत आवरतात, आणि घरी मी रोज अर्धा तास घसा कोरडा करते. असं का बरं? थोडा विचार केल्यावर लक्षात आलं. वर्गात मण्यांचा डबा ठरलेला आहे, त्यावर मण्यांचं चित्र आहे, आणि तो मुलांचा हात पोचेल अशा फळीवर असतो. घरी मात्र "आवर" म्हणजे नेमकं काय उचलायचं आणि कुठे ठेवायचं, हे धाकट्याला कळणार तरी कसं? पाकिटावर पत्ताच नसेल, तर पोस्टमनकाकांनी काय करावं?

डी.एड.ला असताना ऐकलेली एक गोष्ट मला त्या दिवशी आठवली. तुम्हांलाही सांगते.

कुलूप उघडं राहिलं त्या दिवशी...

सन १९०७. इटलीतल्या रोम शहरात सान लोरेन्झो नावाची गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. तिथे डॉ. मारिया मॉन्टेसरी या बाईंनी लहान मुलांसाठी एक 'बालगृह' सुरू केलं. खेळून शिकायची साधनं एका कपाटात असायची. कपाटाला कुलूप! बाई ती वाटायच्या आणि काम झालं की स्वतःच परत ठेवायच्या. पण ठेवताना रोज एक गंमत व्हायची. मुलं आपापल्या जागी बसायची सोडून बाईंच्या मागे मागे येऊन उभी राहायची. कितीही वेळा जागेवर पाठवा, पुन्हा हजर! मॉन्टेसरीबाईंनी हे बारकाईने पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की वस्तू जागेवर ठेवायचं काम मुलांना स्वतःला करायचं आहे!

पुढे एकदा काय झालं, शिकवणाऱ्या बाई कपाटाला कुलूप लावायला विसरल्या आणि दुसऱ्या दिवशी यायलाही त्यांना उशीर झाला. येऊन पाहतात तो मुलांनी कपाट उघडलेलं! बाईंना वाटलं, ही तर चोरी. पण मॉन्टेसरीबाईंनी वेगळाच अर्थ लावला. कुठली वस्तू कुठे आहे हे मुलांना माहीत झालं आहे, तेव्हा त्यांची त्यांना निवडू द्यावी. मग त्यांनी मुलांच्या उंचीची बुटकी कपाटं करवून घेतली.

आपल्याकडेही या विचाराची माणसं होऊन गेली. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी गावी बालशिक्षणाचं केंद्र उभं केलं. महागडी साधनं न आणता गावातच मिळणाऱ्या साध्या, स्वस्त वस्तूंतून मुलांना शिकवता येतं, हे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिलं. तेव्हा आपल्यालाही महाग कपाटाची गरज नाही.

चला, कामाला लागू या!

पहिलं काम मोजणीचं. एका रविवारी सगळी खेळणी सतरंजीवर मांडा आणि तीन ढीग करा. रोज लागणारी, कधीतरी लागणारी आणि मोडलेली. मोडक्यांत चिकटवण्याजोगी कुठली, ते बाबांना दाखवा.

दुसरं काम जरा कठीण आहे. रोजच्या ढिगातली सुद्धा सगळी खेळणी बाहेर ठेवायची नाहीत! निम्मी खोक्यात घालून माळ्यावर टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. जुनीच मोटार खाली आली की धाकटं भावंडं नवी आल्यासारखं नाचतं. याचा अभ्यासही झाला आहे बरं का! अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहानग्यांना एकदा ४ खेळणी देऊन पाहिली आणि एकदा १६. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

तिसरं काम पत्ता देण्याचं. श्रीखंडाचे रिकामे डबे, बुटांची खोकी, बांबूची टोपली, चपलांचा जुना रॅक, असं घरात काय काय आहे ते शोधा. डब्यात एकाच जातीची खेळणी घाला आणि बाहेरून चित्र चिकटवा. वाचता येत नसलेल्या भावंडालाही चित्र वाचता येतं! चित्र काढायचं काम अर्थातच तुमचं. वरची फळी धाकट्याच्या छातीपेक्षा उंच नको. रॅक उंच असेल, तर तो बाबांकडून भिंतीला स्क्रूने पक्का करून घ्या. कारण लहान मुलं त्यावर चढतातच.

आता काही युक्त्या. कॅरमच्या सोंगट्यांना आईकडून एक कापडी पिशवी शिवून घ्या आणि तिच्यावर लिहा, '९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी'. खेळ संपला की मोजूनच भरायच्या. एखादी कमी पडली तर लगेच खाटेखाली शोधता येते. पत्त्यांचा कॅट साबणाच्या डबीत छान बसतो. चित्रकोड्याच्या सगळ्या तुकड्यांवर मागून एकच खूण करा. एकावर चांदणी, दुसऱ्यावर गोल. मग दोन कोडी एकमेकांत मिसळली तरी चिंता नाही. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं घरी असतील, तर ती पाण्यात बुडवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कापडी बाहुल्या जमिनीवर नकोत. ओल धरली की वास येतो. ऊन पडलं की त्यांना गच्चीत फिरवून आणा!

आणि सणांच्या खेळण्यांचा डबा वेगळा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी निम्मी फौज बिनडोक्याची निघते! फिरकी आणि पिचकाऱ्याही त्यांच्याच शेजारी.

चौथं काम वेळ ठरवण्याचं. आमच्याकडे रात्रीची पानं मांडायच्या आधी पाच मिनिटं 'गाड्या डेपोत' अशी आरोळी होते. मोठ्यांनीही दोन वस्तू उचलायच्या, हा नियम. धाकटा मोटारी नेतो, थोरली ठोकळे. "आवरा" म्हटलं की कुणी हलत नाही, पण "मोटारी डेपोत ने" म्हटलं की पाय आपोआप चालतात.

आई-बाबांसाठी चार शब्द

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, म्हणजे गोट्या, मणी, चिंचोके, फासे या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि उंचावरच असाव्यात. या वस्तू घशात अडकतात. खेळण्यातले बटणासारखे चपटे सेल तर फारच धोक्याचे. असा सेल गिळला गेला, तर अन्ननलिकेला दोन तासांतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते पाहा आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा. कॅरमची बोरिक पावडरही उंचावरच. आणि जड झाकणाची ट्रंक खेळण्यांसाठी नकोच. झाकणात बोटं चेमटतात, आणि लपाछपी खेळताना मूल आत बसलं तर जिवावर बेतू शकतं.

माझी एक चूक

आता जे सांगते आहे, ते सांगायला मला अजूनही जड जातं. मागच्या दिवाळीची साफसफाई चालली होती. थोरलीच्या दप्तराच्या कोपऱ्यात पावडरचा एक जुना डबा सापडला. आत काय, तर बाटल्यांची झाकणं, थोडे चिंचोके आणि एक हात तुटलेली इवलीशी बाहुली. "काय हा कचरा!" असं म्हणत रद्दीबरोबर मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. ती तेव्हा शाळेत होती.

संध्याकाळी तिने सगळं घर धुंडाळलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, माझी शाळा कुठाय?"

मला काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. ती झाकणं म्हणजे तिच्या वर्गातली मुलं होती. तेवीस. प्रत्येकाचं नाव ठरलेलं. हात तुटलेली बाहुली म्हणजे बाई. रोज दुपारी ती त्यांची हजेरी घ्यायची. निळं झाकण नेहमी उशिरा यायचं म्हणून त्याला दाराशी उभं करायची.

मी रोज पहिलीच्या मुलांची हजेरी घेणारी बाई, आणि मीच एक अख्खा वर्ग भंगारात दिला होता! दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याकडे गेले. पत्र्याच्या ढिगात डबा सापडला, पण रिकामा. झाकणं पोत्यात कालवली गेली होती, बाहुलीचा पत्ताच नव्हता. तिला मी नवी बाहुली देऊ केली. "नको," म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिची माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. कुठलीही वस्तू कचरा आहे की खेळणं, हे तिचा मालक ठरवणार. द्यायची असेल, तर आधी त्याला विचारायचं. आणि गंमत म्हणजे, विचारलं की मुलं देतातही! धाकट्याने आपणहून दोन मोटारी आमच्या शेजारच्या अंगणवाडीला दिल्या. एक मात्र शेवटच्या क्षणी परत घेतली. आम्ही काही बोललो नाही.

तेव्हा दोस्तांनो, येत्या रविवारी काढा सतरंजी, करा ढीग, काढा चित्रं! पण त्याआधी तुमचा असा एखादा डबा असेल, तर तो आई-बाबांना उघडून दाखवा. आत काय आहे आणि ते कोण आहे, तेही सांगा. मोठ्यांना झाकणं दिसतात, हजेरी दिसत नाही.

आमच्या रॅकच्या खालच्या फळीवर परवा मला एक नवा डबा दिसला. त्यावर थोरलीच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं, 'शाळा. विचारल्याशिवाय हात लावू नये.' हलवून पाहायचा फार मोह झाला. पण मी तिला विचारलं. तिने डबा उघडून दाखवला. नव्या वर्गात आठ मुलं आली आहेत, आणि अजून प्रवेश चालू आहेत!