मेंदूचा आलेख आणि मनाची साक्ष

जिवंत माणसाचा मेंदू काम करताना पाहण्याचे साधन मनाच्या अभ्यासकांपाशी दीर्घकाळ नव्हते. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी मेंदूतील वाचेशी निगडित भाग ओळखला, तोही वाचा गेलेल्या रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून. १९२४ मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत लहरी टिपल्या आणि ईईजी हे तंत्र जन्माला आले. पुढे, १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी मांडलेल्या तत्त्वावर एफएमआरआय उभे राहिले: मेंदूचा जो भाग अधिक काम करतो त्याच्याकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्यामुळे तो बदल यंत्राला टिपता येतो. ईईजी क्षणाचा सूक्ष्म अंशही पकडते, पण लहर नेमकी कोठून उमटली हे सांगण्यात कमी पडते. एफएमआरआय जागा दाखवते, परंतु रक्ताचा ओघ वाढायला काही सेकंद लागत असल्याने वेळेच्या बाबतीत मागे राहते.

या प्रगतीमुळे मनातील गुपितही यंत्र वाचू शकेल असा विश्वास बळावला, आणि त्याची कसोटी महाराष्ट्रातच लागली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना ‘बिऑस’ या ईईजीवर आधारलेल्या चाचणीचा आधार घेतला. या चाचणीत घटनेसंबंधीची वाक्ये आरोपीला ऐकवली जातात, त्याने उत्तर देण्याची गरज नसते, आणि उमटणाऱ्या लहरींवरून ती घटना त्याने स्वतः अनुभवली आहे की नाही हे ओळखता येते, असा दावा केला जातो. मात्र त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल दिला की, संमतीवाचून केलेली अशी चाचणी घटनेच्या कलम २०(३) मधील, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा आणि कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते.

लहर किंवा रक्ताचा ओघ ही मेंदूच्या क्रियेची खूण आहे, विचाराचा मजकूर नव्हे. ऐकलेली, वाचलेली, कल्पिलेली आणि प्रत्यक्ष जगलेली गोष्ट यांतील सीमारेषा एकट्या आलेखावरून निःसंशय आखता येत नाही. मेंदूच्या आलेखाने मनाच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला, परंतु माणसाच्या दोषनिर्दोषत्वाचा निर्णय त्याच्यावर सोपवता येणार नाही.