वाळवीला कोरड सोसत नाही

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातील एका शाळेतून आम्हाला निरोप आला. कार्यालयातल्या लाकडी कपाटाला उधई लागली होती. (वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात.) कपाटाच्या खालच्या कप्प्यात शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे होती. त्यांचे मोल शिक्षकांना सांगायला नको. जन्मतारखेचा दाखला त्यातूनच निघतो, आणि आजोबा-पणजोबांच्या नावापुढची जुनी नोंद नातवंडांच्या जातपडताळणीत कामी येते. एका रजिस्टराची पहिली तीस-चाळीस पाने मातीत मिसळली होती. त्या पानांवरच्या नोंदी आता दुसरीकडे कुठेही मिळणार नव्हत्या.

शाळेच्या शिपाईकाकांनी विचारलेला प्रश्न मात्र आम्हाला फार नेमका वाटला. "पावसाळ्यात तर काहीच नव्हतं सर. ऐन उन्हाळ्यात उधई आली कुठून?"

उत्तर शोधण्यापूर्वी वाळवीची थोडी ओळख करून घेऊ. तिला 'पांढरी मुंगी' म्हणण्याची पद्धत आहे, पण ती मुंगी नव्हे. तिची जवळची नातलग झुरळे आहेत. पूर्वी वाळवीचा स्वतंत्र गण मानत, आता मात्र तिला झुरळांच्याच गणात घेतात. तिचे खाणे म्हणजे सेल्युलोज. ते लाकडात, गवतात, कापसात आणि कागदातही असते. काही जातींच्या आतड्यातले एकपेशीय जीव हे सेल्युलोज पचवून देतात. आपल्या शेतात वारुळे बांधणाऱ्या जाती वारुळात बुरशीची शेती करून तिच्याकडून हे काम करून घेतात. झाडीपट्टीत पावसाळ्यात 'सात्या' नावाची जी अळिंबी आवडीने खातात, ती याच बुरशीची.

आता मुद्द्याची गोष्ट. मुंगीचे किंवा झुरळाचे बाह्यकवच जाड असते, त्यामुळे त्यांच्या शरीरातले पाणी सहज उडून जात नाही. कामकरी वाळवीचे कवच मात्र पातळ आणि मऊ असते. कोरड्या, उघड्या हवेत ती काही तासांतच सुकून मरते. नाव वाळवी, पण वाळणे हेच तिचे मरण! म्हणूनच ती कधी उघड्यावर हिंडत नाही. भिंतीवर दिसणाऱ्या मातीच्या नळ्या ती माती, लाळ आणि विष्ठा कालवून बांधते. त्या नळ्यांच्या आतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. थोडक्यात, जमिनीखालचा ओलावा ती सोबत घेऊनच घरात शिरते.

मग आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार करा. तापमान पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरचा थर कोरडा ठणठणीत होतो. वाळवी खाली, ओल असेल तिथे सरकते. अशा वेळी परिसरात एखादीच जागा ओली राहिली, तर तिथे वाळवी जमणार हे उघड आहे.

ती जागा शाळेत होती का? आम्ही कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलो. खिडकीला कूलर लावलेला होता आणि त्याच्या टाकीतून थेंब थेंब पाणी गळत होते. सेकंदाला एक थेंब धरा. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी, आणि दोन महिन्यांत सुमारे २६० लिटर! हे सारे भिंतीच्या मुळाशी मुरत होते. भिंतीच्या आतल्या अंगाला, ओल चढलेल्या गिलाव्याला पाठ लावून कपाट उभे होते. शिपाईकाकांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पावसाळ्यात सगळीकडेच ओल होती, उन्हाळ्यात ती फक्त कपाटामागे होती.

पावसाळ्यातील ओलीचाही असाच हिशेब मुलांकडून करून घेता येईल. समजा, एका वर्गखोलीचे छप्पर ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. वर्ध्याकडे वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांतच. ४८ चौरस मीटर गुणिले १ मीटर म्हणजे ४८ घनमीटर, अर्थात ४८,००० लिटर पाणी. छपराला दोन उतार असतील तर प्रत्येक बाजूला २४,००० लिटर. हे पाणी भिंतीच्या मुळाशी पडते की तीन हात दूर, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मुळाशी मुरलेले पाणी विटांच्या आणि गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते.

जुन्या बांधणीत याचे भान होते. गांधीजी १९३६ साली सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. तिथली आदी निवास आणि बापू कुटी पाहताना त्यांचे साधेपण आपल्याला जाणवतेच, पण छपराकडेही जरा लक्ष द्यावे. भिंती मातीच्या, वर कवेलू, आणि छप्पर भिंतीच्या पुढे चांगले झुकलेले. पावसाचे पाणी आणि माती-लाकूड यांच्यात पडवीचे अंतर राहते. अर्थात अशा घरात वाळवी येतच नाही, असे नव्हे. माती, बांबू आणि लाकूड असलेले घर सतत निगा राखली तरच टिकते. सारवताना किंवा कवेलू फेरताना घराचा कानाकोपरा नजरेखालून जातो. वाळवीविरुद्ध ही नजर फार मोलाची.

घरात आणि शाळेत काय करता येईल? कूलरखाली पन्हळ किंवा पत्रा लावून गळणारे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. माठाखालची जागा आणि मोरीचा सांधा कोरडा ठेवावा, गळका नळ त्याच दिवशी बदलावा. झाडांचे वाफे भिंतीला लागून करू नयेत. जोत्याभोवती बाहेर उतार असलेला कोबा करावा आणि काळ्या मातीच्या आकसण्याने पडलेल्या त्याच्या भेगा दर उन्हाळ्यात बुजवाव्यात. वाळवीला एखाद्या मिलिमीटरची फटही पुरते. सरपण आणि जुन्या चौकटी भिंतीला टेकवू नयेत. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे, दगडावर किंवा लोखंडी घोडीवर ठेवावीत, म्हणजे मागे वारा खेळतो आणि पाहायलाही सोपे जाते.

एवढे केले की वाळवी येणारच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. काही जाती खोल जमिनीतले पाणी वर आणतात. कोरड्या भिंतीवर मात्र तिला लांब नळी बांधावी लागते, ती आपल्या नजरेस पडते आणि आपल्याला वेळ मिळतो. लागण इमारतीत पसरली असेल तर औषध लागते, पण ते जाणकाराकडूनच, विहिरीपासून दूर वापरावे. एकेकाळी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि प्राण्यांच्या चरबीत साठते. आपल्या देशात त्यावर १९९६ साली बंदी आली. वाळवीविषयीच्या भारतीय मानक ६३१३ चा पहिला भागही रसायनांचा नसून बांधकामातील काळजीचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. पसरट डब्याच्या झाकणात टीपकागदाचे दोन तुकडे थोडे अंतर ठेवून मांडा. एक ओला करा, दुसरा कोरडा ठेवा. मधोमध वीस कामकरी वाळव्या सोडून वर पुठ्ठा झाका. पंधरा मिनिटांनी दोन्हीकडच्या मोजा. मग झाकणाची दिशा फिरवून पुन्हा करा. दिशा का फिरवायची, हे मुलांनाच विचारा. प्रयोग संपल्यावर वाळव्या वारुळापाशी सोडून द्या. पालापाचोळ्याची माती करण्याचे त्यांचे काम शेतात मोठे आहे.

त्या शाळेत आता कूलरचे पाणी नळीने आंब्याच्या आळ्यात जाते. उरलेली रजिस्टरे लोखंडी कपाटात हलवली आहेत आणि गुरुजींनी त्यांची दुसरी प्रत करायला घेतली आहे. आपल्या शाळेची रजिस्टरे कुठे ठेवली आहेत? त्यामागची भिंत आज हात लावून पाहा.