अहवाल येईपर्यंत

गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढून घेतल्यावर ‘आठवड्याने रिपोर्ट न्यायला या’ असे सांगून रुग्णाला घरी पाठविले जाते. तेव्हापासून निर्णय कळेपर्यंतच्या काळाची नोंद रुग्णालयाच्या दप्तरात होत नसली, तरी रुग्णाच्या रक्तात ती होतच असते. २००९ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात डॉ. एल्व्हिरा लँग व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील १२६ स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्तनाच्या बायोप्सीनंतर पाचव्या दिवशी त्यांपैकी काहींना कर्करोग असल्याचे कळले होते, काहींना नसल्याचे कळले होते, आणि ७३ जणींना निश्चित असे काहीच कळलेले नव्हते. लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दिवसातून अनेकदा मोजले, तेव्हा या ७३ जणींचा आलेख निर्धास्त झालेल्या स्त्रियांशी नव्हे, तर रोगनिदान झालेल्या स्त्रियांशी जुळणारा निघाला.

याहून विलक्षण दाखला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील २०१६ च्या प्रयोगाचा आहे. संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप असेल की नाही याचा अंदाज ४५ जणांनी करावयाचा, आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसावयाचा, अशी ती योजना होती. त्या माणसांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार यांवरून असे दिसले, की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना होणाऱ्या ताणापेक्षा, बसेल न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना होणारा ताण अधिक होता. तेव्हा अहवालाची वाट पाहताना ज्याची झोप उडते, त्याला घरच्यांनी भित्रा म्हणू नये. संकटाची दिशा न कळल्यामुळे सर्व दिशांना एकाच वेळी सज्ज राहण्याचा मेंदूचा तो प्रामाणिक प्रयत्न असतो.

मग इतके दिवस लागतात तरी कशाला, असा प्रश्न साहजिकच उठतो, आणि त्याचा खुलासा रुग्णाला क्वचितच केला जातो. शरीरातून निघालेली ऊती तत्काळ कुजू लागते, म्हणून ती प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी लागते. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याने दाखवून दिलेला हा उपाय आजही प्रचारात आहे. हे द्रव्य ऊतीमध्ये तासाला सुमारे एक मिलिमीटर या मंद गतीने शिरते, आणि आतील प्रथिने परस्परांशी पक्की जखडण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. नंतर अल्कोहोलने पाणी काढून, वितळलेल्या पॅराफिन मेणात ऊती मुरवून, थंड झालेल्या ठोकळ्याचे मायक्रोटोमने सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. लॉगवुड वृक्षाच्या गाभ्यापासून मिळणाऱ्या हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो, आणि मगच विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. नमुना हाडाचा असला तर आधी त्यातील कॅल्शियम विरघळवावे लागते. पेशींचे मूळ संशयास्पद वाटले तर विशिष्ट प्रथिने हुडकणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते, आणि मुदत पुढे जाते. म्हणून विलंबावरून वाईट बातमीचे अनुमान काढणे चुकीचे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी ज्या विकृतिशास्त्राचा भारतात भक्कम पाया घातला, त्याचे सामर्थ्य या सावकाशीतच आहे. घाईने दिलेल्या चुकीच्या निर्णयावर एखादा अवयव गमावण्याची पाळी येऊ शकते.

परंतु कारण समजले म्हणून काळजी मिटत नाही. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी सुमारे चार महिने थांबलेल्या २३० पदवीधरांचा अभ्यास केला, तेव्हा चिंता दडपण्याच्या किंवा बळेच आशावादी होण्याच्या बहुतेक युक्त्या निष्फळ ठरल्या. उलट ज्यांनी तो काळ चिंतेत काढला, त्यांनी वाईट निकाल अधिक समंजसपणे पचविला. परीक्षा आणि कर्करोग यांची तुलना मर्यादेनेच करावी हे खरे, तथापि ‘वाईट विचार मनात आणूच नकोस’ हा आपल्याकडचा प्रेमळ हुकूम रुग्णावर दुहेरी भार टाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीनींच्याच पुढील संशोधनात लाभदायक आढळली ती तल्लीनता: कौशल्याला पुरेपूर कामाला लावणारे, पण आटोक्यातले काम. शिवण, पेटीवादन, बागेतील कलमे, जे ज्याला साधते ते. नुसता दूरदर्शनसंच लावून ठेवणे त्यात मोडत नाही.

रुग्णालयांनी मात्र एक तजवीज अवश्य करावी. नमुना घेतानाच अहवालाचा अपेक्षित दिवस, तो कोण सांगणार त्याचे नाव आणि उशीर झाल्यास कळविण्याची हमी लेखी द्यावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून गावाकडची शेती, मजुरी आणि परतीचे भाडे यांचा हिशेब करीत बसलेल्या कुटुंबाला अशा चिठ्ठीची किंमत फार मोठी आहे. आणि नातेवाइकांनी अहवाल परस्पर खिडकीवरून घेऊन दडवून ठेवण्याऐवजी, तो कोणाच्या देखत आणि किती तपशिलाने ऐकावयाचा आहे, हे ज्याचे शरीर आहे त्यालाच आधी विचारून ठेवावे.