भिंतीतला नाद

इंग्रजी अमदानीत, 1905 साली, वऱ्हाडाची फेररचना होऊन ज्या वाशीमचे जिल्हापण गेले, त्या वाशीमला ते 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन परत मिळाले. आणि तेव्हापासूनच्या पाव शतकाहून अधिक काळात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत रस्ते किती झाले, तलाव किती खोदले, सोयाबीनचा पेरा किती वाढला, याचा तपशील सरकारी दप्तरांत यथास्थित सापडेल. याच काळात येथील घरांच्या भिंतींच्या पोटात जो एक पालट झाला, त्याची नोंद मात्र कोणत्याही कचेरीत नाही. एके काळी कोनाड्यात, पुढे टेबलावर आणि त्यानंतर काचेच्या कपाटात विराजमान असलेला ध्वनिवर्धक भिंतीतच अंतर्धान पावला, आणि ज्या घरांत सिनेमा पाहण्यासाठी एक स्वतंत्र खोली राखली गेली, तेथे श्रोत्याला चहूबाजूंनी नाद वेढून राहील अशी तजवीज होऊ लागली. केंद्र शासनाने 2018 साली ज्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली, त्या जिल्ह्यात बसून असल्या विषयावर लिहावे काय, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, या खोल्या ज्यांच्या आहेत त्यांच्या ऐपतीपेक्षा त्या ज्यांनी बांधल्या त्या येथल्याच गवंड्यांचे, सुतारांचे आणि वायरमनांचे कसब मला अधिक मोलाचे वाटते, कारण परदेशातील पोकळ भिंतीसाठी निर्माण झालेली वस्तू आपल्या भरीव भिंतीत बसवण्याची विद्या त्यांनी कोणत्याही पाठशाळेवाचून हस्तगत केली.

या विद्येचा आरंभ शोधू गेल्यास जुन्या धाब्याच्या घरापर्यंत मागे जावे लागते. दीड-दोन हात रुंदीची पांढऱ्या मातीची भिंत, वर लाकडी सरांवर अंथरलेले मातीचे धाबे, समोर ओसरी, मध्ये उघडे अंगण, आणि भिंतीत ठिकठिकाणी कोनाडे, अशी ती रचना होती. 16 जुलै 1948 रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि वऱ्हाडातल्या मोजक्या घरांत रेडिओ आला, तेव्हा टपाल कचेरीतून दरसाल परवाना काढून आणलेल्या त्या यंत्राला पुष्कळदा या कोनाड्याचीच जागा मिळाली. भिंतीतून ऐकू येणारा नाद तो हाच पहिला. त्या घरांतला आवाज स्वच्छ होता असे वृद्ध लोक आजही सांगतात, आणि ते स्मरणरंजन म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने 1895 पासून एका व्याख्यानगृहातील असह्य घुमारा मोजण्याचे काम हाती घेतले, रात्रीच्या निःशब्द वेळी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणून त्याने प्रयोग केले, आणि कोणता पदार्थ किती नाद शोषतो हे ठरवताना मापाचे एकक म्हणून त्याने उघडी खिडकी मुक्रर केली. कारण उघड्या खिडकीतून गेलेला नाद परत येत नाही. या मापाने पाहता, एक अख्खी बाजू ओसरीकडे आणि अंगणाकडे मोकळी असलेले, धान्याची पोती, गोधड्या आणि बाजा यांनी भरलेले ते घर नादाच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष होते.

पुढे धाबी उतरली आणि स्लॅब पडले. साठ-सत्तरच्या दशकांत सुरू झालेली ही प्रक्रिया ऐंशीच्या दशकात वेगाने पुढे सरकली, आणि 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी रामायण पाहण्यास गल्लीतील माणसे ज्या घरात जमत, ते घर बहुधा सिमेंटचेच असे. विटांच्या भिंती, त्यांवर गुळगुळीत गिलावा, खाली फरशी आणि कालांतराने चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर सपाट छत: समोरासमोरच्या सहा कठीण पृष्ठभागांत सापडलेला नाद शमेपर्यंत आपटत राहतो आणि शब्दाच्या अंत्याक्षरावर पुढच्या शब्दाचे आद्याक्षर चढते. वत्सगुल्म या प्राचीन नावाने ज्या नगरीत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह झाल्याचे राजशेखर आपल्या काव्यमीमांसेत वर्णितो, त्या नगरीत तरी शब्द स्पष्ट ऐकू यावा एवढी अपेक्षा रास्त म्हटली पाहिजे. पण पक्क्या घराबरोबर ही एक हानी पदरात पडली आणि तिची दखल तेव्हा कोणी घेतली नाही, कारण दूरचित्रवाणीच्या संचातील एकुलता एक लहानसा स्पीकर वाजत होता तोवर ती फारशी जाणवलीही नाही.

चहूबाजूंच्या नादाची कल्पना चित्रपटगृहातील आहे. 1931 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे पेटंट मागितले. 1940 साली डिस्नेच्या फँटेशिया चित्रपटासाठी प्रेक्षागृहात सभोवार ध्वनिवर्धक मांडले गेले. आपल्याकडे 1975 सालच्या शोलेने 70 मिलिमीटरच्या पडद्याबरोबर स्टिरिओफोनिक ध्वनीचा चमत्कार महानगरांतल्या निवडक चित्रगृहांत घडवला. तालुक्याच्या गावी पोहोचणाऱ्या सामान्य प्रतीत तो चमत्कार नसे; आमच्याकडे शोले जो दुमदुमला तो लग्नाच्या मांडवातील कर्ण्यांवरून, संवादांच्या तबकड्यांच्या रूपाने. घरासाठी पाच वाहिन्या आणि खर्जासाठी एक, अशी जी मांडणी आज सर्वपरिचित आहे, ती डीव्हीडीबरोबर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. भिंतीत बसवायचे स्पीकर मात्र त्याआधीच, 1983 च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील सोनान्स या कंपनीने बाजारात आणले होते.

ती कॅलिफोर्नियातील भिंत कशी असते, हे येथे थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढच्या सर्व अडचणींचे मूळ तिच्यात आहे. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंस जिप्समचे अर्धा इंच जाडीचे तावदान, आणि मध्ये साडेतीन इंचांची पोकळी: अशा भिंतीला करवतीने भोक पाडावे, स्पीकर आत सारावा, पेचकस फिरवताच त्याचे पंख आतून उघडून तावदानाला पकडतात, आणि अर्ध्या तासात काम संपते. मोकळ्या स्पीकरला जी पेटी लागते, तिचे कार्य तेथे भिंतीची पोकळीच करते. आमच्याकडे पोकळी नाही. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची, आणि दोन्ही विटांनी व सिमेंटने गच्च भरलेल्या. पंखांनी पकडण्याजोगे तावदान नाही, आणि चार इंच खोलीच्या वस्तूसाठी साडेचार इंची भिंत कोरली तर पलीकडच्या खोलीत गिलाव्याचा पापुद्रा तेवढा उरतो.

प्रारंभीच्या काळात हे काम घर पूर्ण झाल्यावर हाती घेतले जाई, आणि त्यात भिंतीची जी दुर्दशा होई ती पाहवत नसे. छिन्नी-हातोड्याने किंवा ग्राइंडरने रंगवलेल्या भिंतीत आडव्या झिऱ्या मारल्या जात. उभी झिरी भिंतीला एक वेळ सोसते. आडवी झिरी तिची भार वाहण्याची शक्ती फार कमी करते, आणि ज्या घरात आरसीसीचे खांब नसून सर्व भार भिंतींवरच आहे तेथे तर ती सरळ धोक्याची आहे. अनुभवाने शहाणे झालेले मिस्त्री आता मालकाला पहिल्याच बैठकीत सांगतात की, खोलीचा निर्णय वीटकाम सुरू होण्यापूर्वी द्या. मग नऊ इंची भिंतीत वीटकाम चालू असतानाच जागा सोडली जाते, तिच्यावर लहानसा लिंटेल टाकला जातो, आत सुतार प्लायवूडची मागून बंद अशी पेटी बसवतो, पेटीच्या पोटात कापसासारखे तंतू भरले जातात, आणि स्पीकरचे पंख त्या पेटीच्या चौकटीला पकडतात. जेथे भिंत साडेचार इंचीच आहे, तेथे तिच्यापुढे लोखंडी चॅनेलवर जिप्समची दुसरी भिंत उभी केली जाते. खोली चार-पाच इंचांनी अरुंद होते, पण त्या पोकळीत रॉकवूल भरले असता शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही स्वस्थता लाभते. मला स्वतःला नऊ इंची भिंतीतली पेटीच अधिक पसंत आहे. तिच्यातून येणारा खर्ज दृढ असतो, आणि भिंतीशी समतल बसलेल्या स्पीकरमागे नाद जाऊन परत उलटण्यास जागाच उरत नसल्यामुळे आवाजाला एक निर्मळपणा येतो, जो उत्तमोत्तम उभ्या पेट्यांतूनही लहान खोलीत सहजासहजी मिळत नाही.

या कामातील वऱ्हाडी अडचणी वेगळ्याच. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर त्या हालचालीबरोबर भिंतीला केसाएवढ्या भेगा पडतात. अशी एक भेग पेटीच्या चौकटीजवळून गेली की, खर्जाचा स्वर लागताच तेथून थरथर ऐकू येते आणि दोष स्पीकरचा समजून माणसे दुकानात खेपा घालतात. वाळवीचा बंदोबस्त न करता बसवलेल्या लाकडी चौकटी दोन-तीन पावसाळ्यांत पोखरल्या गेल्या. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने कित्येक तास वीज नसे, आणि ती परत येताना विद्युद्दाबाच्या धक्क्याने ॲम्प्लिफायर जळत. तेव्हापासून या खोल्यांना वेगळी वायरिंग, चांगले अर्थिंग आणि स्टॅबिलायझर देण्याची वहिवाट पडली. वायरमनांनी याच सुमारास आणखी एक धडा घेतला. कन्सील वायरिंगच्या सवयीने ते स्पीकरची वायर विजेच्याच पाइपातून ओढून घेत, आणि पडद्यावर शांत प्रसंग आला की अखंड गुणगुण ऐकू येई. आता स्पीकरच्या वायरीला स्वतंत्र पाइप, विजेच्या पाइपापासून फूटभर अंतरावर, आणि जेथे ओलांडणे अटळ आहे तेथे काटकोनात ओलांडणे, हा नियम मी अक्षरओळखही जेमतेम असलेल्या कारागिरांकडून काटेकोरपणे पाळला जाताना पाहिला आहे, आणि त्या वेळी मनात जो आदर दाटला तो येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

जागा ठरवण्यात मात्र अद्यापि पुष्कळ अज्ञान दिसते. बैठकीच्या मुख्य आसनावरून पाहता पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून 30 अंशांवर आणि बाजूचे 100 ते 120 अंशांच्या दरम्यान, म्हणजे कानाच्या किंचित मागे, असावेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आमच्याकडे ते शोभेसाठी खोलीच्या चार कोपऱ्यांत, छताला लागून बसवले जातात, आणि मग पाऊस पडद्यावर पडतो तेव्हा तो श्रोत्याच्या भोवती न पडता माळ्यावर पडत असल्यासारखा भासतो. मोकळा स्पीकर हातभर सरकवता येतो. भिंतीतला सरकत नाही. नाद एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे फूटभर चालतो, ती तफावत यंत्र मायक्रोफोनने मोजून सुधारून घेते, परंतु चुकलेली दिशा कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही. म्हणून खुर्च्या कोठे राहणार हे आधी ठरवून, जमिनीवर खडूने खूण करून आणि दोरी ताणून कोन मोजणारा मिस्त्री भेटला तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

2016 साली सैराट आला, आणि त्याच्या गीतांतील वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे मोठ्या सिंफनी वादकमंडळींकडून ध्वनिमुद्रित करून घेतला होता. मराठी गाण्यातील व्हायोलिनांचा तो विस्तीर्ण पट ऐकल्यावर, घरातील दोन किरट्या स्पीकरांवर असंतुष्ट होऊन या खटाटोपाकडे वळलेली माणसे मला ठाऊक आहेत. पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, चित्रगृहांना कुलपे लागली, त्या नोव्हेंबरात निम्म्या आसनांनिशी उघडली, पुन्हा बंद झाली, ती थेट 22 ऑक्टोबर 2021 पर्यंत. त्या दीड वर्षात ज्यांच्या घरचे बांधकाम चालू होते त्यांच्या नकाशांत होम थिएटरची खोली शिरली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तो याच जिल्ह्यातून जातो, आणि नागपूरहून माल व माणूस आणणे सुकर झाले. तथापि भिंत अजून येथलाच गवंडी बांधतो, हे मला समाधानाचे वाटते.

या खोल्यांचा एक उपयोग मला आरंभी सुचला नव्हता. ज्यांची श्रवणशक्ती मंदावली आहे अशा वृद्धांना टीव्हीचा आवाज वाढवूनही संवाद कळत नाहीत, कारण वाढतो तो नुसता कल्लोळ. संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात; तेवढीच एक वाहिनी चढवता येते, आणि जाड पडदे, गालिचा, पुस्तकांची मांडणी यांनी घुमारा शमवलेल्या खोलीत तो शब्द वृद्ध कानांपर्यंत स्वच्छ पोहोचतो. पुष्कळ खर्च करून महागडे स्पीकर आणावेत आणि भिंती उघड्या ठेवाव्यात, ही चूक सर्वाधिक घडते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे. जुन्या घरातील गोधड्या आणि पोती जे कार्य विनासायास करीत होती, ते आता पैसे मोजून करावे लागते. पण ते करावेच.

आणखी एक गोष्ट करावी, जी अजून फारच थोड्या घरांत होते. गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीपुढे मोजपट्टी उभी करून छायाचित्र घ्यावे, पाइप फरशीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर गेला आहे ते कागदावर उतरवावे, कोणती वायर कोणत्या स्पीकरची ते दोन्ही टोकांस लिहून ठेवावे, आणि हा कागद खरेदीखत, बांधकामाची मंजुरी व घरपट्टीच्या पावत्या ज्या फायलीत आहेत त्याच फायलीत लावून ठेवावा. घर पुढे मुलाकडे जाईल किंवा दुसऱ्या मालकाकडे. तसबीर टांगण्यासाठी ड्रिल हाती घेणाऱ्या त्या माणसाला भिंतीत काय आहे हे सांगण्यास तोवर गवंडीही हजर नसेल आणि वायरमनही.