‘मर्यादित’ या पदाचा विधिगत अर्थ

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाच्या २००३ च्या विभागणी-आराखड्यात ‘मर्यादित भाला-मासेमारी’ ही संज्ञा योजिली आहे. संवर्धन-उद्यान विभागात भाल्याने मासे मारण्यास तेवढीच मुभा आहे. येथील ‘मर्यादित’ हे विशेषण माशांच्या संख्येचे नव्हे, साधनांचे होय. भाला किंवा भाला सोडणारी बंदूक चालते. काडतूस बसविलेले टोक, गोळी झाडणारे शस्त्र, दिवा व पाण्याखालील श्वसनसाधन ही वर्ज्य होत. अशा रीतीने व्याख्या निषेधमुखाने सिद्ध होते. श्वसनसाधनांतून मात्र स्नॉर्केल ही नळी वगळली आहे. हा अपवाद क्षुल्लक नव्हे. स्नॉर्केलने पृष्ठभागापाशीच श्वास घेता येतो. खोल बुडी मारताच तो रोखावा लागतो. सारांश, शिकाऱ्याचा एक श्वास हीच येथे मर्यादा ठरते, आणि तो संपताच खोल पाण्यातील माशास अभय मिळते.