वाटाण्याचा अंकुर आणि कल्पनेचे तारण

नाशिकहून मुंबईकडे जाताना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. आपल्यापैकी अनेकांनी मुला-नातवंडांसह तेथे एखादी सुट्टी घालविली असेल. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक या नात्याने दादासाहेबांचा परिचय शाळकरी मुलांनाही आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्या चित्रपटांची महती गावयाची नाही. त्यांच्या आयुष्याकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. चरितार्थाचे साधन हाताशी असताना माणसाला काहीतरी नवे निर्माण करण्याची ओढ का लागते? आणि मनात उगवलेली कल्पना प्रत्यक्ष व्यवहारात उभी कशी राहते?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. उभी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. कल्पना घेऊन येणारी माणसे मेजाच्या पलीकडे बसलेली पुष्कळ पाहिली. त्यांपैकी काहींच्या कल्पना कागदावरच राहिल्या, काहींचे कारखाने झाले. या दोहोंत फरक कोठे पडतो, हे समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातीलच या सुपुत्राइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

ओढ कोठून येते?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. धुंडिराजांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात अभ्यास केला. छायाचित्रण शिकून गोध्र्यास त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला. नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकले. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून ठसे तयार करण्याचा व छपाईचा उद्योग उभारला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. आणि हा छापखाना चांगला नावारूपास आलेला असताना भागीदारांशी मतभेद झाले, म्हणून तेथूनही बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती.

असा अर्जदार समोर आला असता तर कोणत्याही अधिकाऱ्याने अर्जावर 'धंद्यात स्थैर्य नाही' असा शेरा मारला असता, आणि तो चुकीचा म्हणता आला नसता. परंतु पुढे जे घडले त्याने या साऱ्या धरसोडीला निराळा अर्थ प्राप्त झाला.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. चित्रपटासाठी जे जे हवे होते, ते सारे त्यांच्याजवळ आधीच जमलेले होते. प्रकाशचित्रणाचे रसायनशास्त्र, पडदे रंगविणे, रंगभूषा, जादूतील हातचलाखी, यंत्रे जोडण्याची सवय या साऱ्यांना त्या अंधाऱ्या तंबूत प्रथमच एकत्र घर सापडले.

निर्मितीच्या ओढीचे एक मूळ मला येथे दिसते. गोदामात पडून राहिलेला माल व्यापाऱ्याला शांत झोप लागू देत नाही. त्याचप्रमाणे वापराविना पडून राहिलेले कौशल्यही माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दुसरे मूळ उणिवेच्या जाणिवेत आहे. लोक गर्दी करून परदेशी कथा पाहतात, पण त्यांच्या स्वतःच्या कथा पडद्यावर नाहीत, हे दादासाहेबांनी हेरले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाईक दारात उभे होते आणि माल कोणाच्याच दुकानात नव्हता. कौशल्य आणि उणीव यांची गाठ पडली की जी तळमळ उत्पन्न होते, तिलाच आपण प्रतिभा, नाद किंवा वेड अशी नावे देतो.

कल्पनेचा पुरावा

ही तळमळ सोपी नव्हती. दादासाहेब अहोरात्र चित्रपट पाहू लागले, यंत्रांची माहिती मिळवू लागले. झोप हरवली, डोळे बिघडले, काही काळ दृष्टी जाते की काय अशी अवस्था झाली. वैद्यकीय उपचारांनी ते त्यातून बरे झाले. मग आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना चित्रपटनिर्मितीची पद्धत पाहावयास मिळाली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून काही आठवड्यांतच ते परतले.

यंत्र आले, विद्या आली, पण संपूर्ण चित्रपटास लागणारे भांडवल कोठे होते? हिंदुस्थानात अशा धंद्याचा पूर्वानुभव नव्हता, नफ्याचे दाखले नव्हते. धनको विचारणार, 'हे चालेल कशावरून?' या प्रश्नाला दादासाहेबांनी भाषणाने उत्तर दिले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर रोवला. रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. मग ती फिल्म चालवून दाखविली. महिन्याभरात वाढलेले रोप अवघ्या मिनिटाभरात प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मातीतून वर आले. 'अंकुराची वाढ' या नावाने ही चिमुकली फिल्म ओळखली जाते. ती निवडक मंडळींना दाखविल्यानंतर यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास पुढे आले.

बँकेच्या नियमांत मालमत्तेला तारण म्हणतात. घर, जमीन, सोने, साठा यांचे मोल ठरविता येते. कल्पनेचे मोल कसे ठरवावे? तिला तारण नसते. म्हणून तिला पुरावा लागतो. तो पुरावा मोठा असण्याची गरज नाही, परंतु समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता यावा इतका खरा हवा. दादासाहेबांनी राजा हरिश्चंद्राचा राजवाडा दाखविण्याचे आश्वासन दिले नाही. वाटाण्याचे रोप दाखविले. त्यात त्यांनी केवळ धनकोची खात्री पटविली असे नव्हे. कॅमेरा, प्रकाश, रसायने आणि स्वतःचा संयम या चौघांचीही परीक्षा थोडक्या खर्चात घेतली. माझ्या मते कल्पनेचा प्रकल्प होतो तो नेमका या टप्प्यावर. तोवर ती एकट्याच्या मनात असते. येथून पुढे ती दुसऱ्याच्या डोळ्यांनाही दिसू लागते.

घरातील भागीदार

या प्रकल्पातील पहिल्या भागीदाराचे नाव कोणत्याही करारपत्रावर नव्हते. त्या म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी अंगावरचे दागिने तर काढून दिलेच, शिवाय काम शिकून घेतले. कोरी फिल्म छिद्रांविना येत असे. ती अंधारात, हाताने यंत्र चालवून छिद्रित करावी लागे. ते काम सरस्वतीबाई करीत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि एवढे करून साऱ्या चमूचा स्वयंपाकही सांभाळणे, असा त्यांचा दिनक्रम होता. मुलगा भालचंद्र याने रोहिताश्वाची भूमिका केली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविण्यात आले. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून नटांनी आपण 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' कामाला आहोत असे सांगावे, अशी युक्ती योजिल्याचे सांगतात.

व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. पेढीवर नाव एकाचे असते आणि पेढी चालते ती साऱ्या घराच्या कष्टांवर. नव्या निर्मितीचेही तसेच आहे. घराचे केवळ पाठबळ पुरत नाही. घरातील कोणीतरी त्या कामात हात काळे करावे लागतात. दादासाहेबांची जोखीम सरस्वतीबाईंनी आपलीही मानली, म्हणूनच ती पेलली गेली.

गिऱ्हाईकाची भाषा

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी खुला झाला. मुंबईत यश मिळाले, परंतु बाहेरगावी वेगळाच अनुभव आला. सुरतेची हकीकत प्रसिद्ध आहे. पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये. तेथील प्रेक्षकांस दोन आण्यांत रात्रभराचे नाटक पाहण्याची सवय, मग तीन आणे मोजून तासा-दीड तासाचा खेळ कोण पाहणार? दादासाहेबांनी दर उतरविला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली, असे सांगितले जाते. मालात बदल नव्हता. बदलले होते मोजमाप. गिऱ्हाईक ज्या मापाने मोल करते, त्या मापात आपली वस्तू मांडून दाखविण्याची ही कला सुरतेच्या बाजारालाही साजेशी होती.

दोन ओढी समोरासमोर

यशानंतर दादासाहेबांनी आपला कारभार नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट येथून निघाले. मध्यंतरी महायुद्धाच्या काळात पैशाची विलक्षण ओढाताण झाली. १९१७ च्या 'लंकादहन'ने ती दूर केली. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' हे तिचे गाजलेले चित्रपट. कालिया मर्दनात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली.

आणि येथेच जुनी ठेच पुन्हा लागली. भागीदारांना खर्चावर लगाम हवा होता, दादासाहेबांना कामात हस्तक्षेप नको होता. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्तच म्हणाव्या लागतील. परंतु कोणाचा अधिकार कोठे संपतो याविषयी एकमत होऊ शकले नाही. दादासाहेब कंपनी सोडून काशीस निघून गेले. पुढे ते परत आले, अनेक चित्रपटही केले, पण पूर्वीचा मेळ पुन्हा जुळला नाही. बोलपट आल्यावर काळ बदलला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्यांनी एका उद्योगाचा पाया घातला, त्यांच्या अखेरच्या काळात त्या उद्योगाच्या संपत्तीचा वाटा त्यांच्या घरी नव्हता.

याच काळातील दुसरे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातील वालचंद हिराचंद यांचे मन घरच्या पारंपरिक धंद्यात रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्यासमवेत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ पत आणि भांडवल उभे करण्याची ताकद. 'फाटक-वालचंद' या नावातच दोघांची स्थाने स्पष्ट होती. वालचंद पुढे जहाज, विमान आणि मोटार यांपर्यंत पोहोचले. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगावच्या खडकाळ माळावर त्यांनी शेती उभी केली आणि १९३३ साली तेथे साखर कारखाना सुरू झाला. कल्पना त्यांच्याजवळही दादासाहेबांइतक्याच धाडसी होत्या. परंतु कल्पना करणारा आणि हिशेब पाहणारा यांची सांगड घालण्याची हातोटी त्यांना आरंभीच साधली.

आपल्या घरातील अंकुर

आज आपल्या अनेक घरांत हा प्रश्न उभा आहे. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षण घेऊन परत येते आणि गादीवर बसण्याऐवजी काही निराळे करू म्हणते. कोणाला चित्रपट करावयाचा असतो, कोणाला शेतमालावर प्रक्रिया, कोणाला संगणकावरील काही उद्योग. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'पोराच्या डोक्यात खूळ शिरले आहे.' दुसरा म्हणतो, 'मागेल तेवढे देऊन टाका.' माझ्या अल्प अनुभवानुसार दोन्ही पक्ष त्या मुलावर अन्यायच करतात. पहिला त्याची तळमळ मारतो आणि दुसरा त्याला परीक्षेपासून वंचित ठेवतो.

त्यापेक्षा त्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवून विचारावे, 'येत्या दोन महिन्यांत, थोडक्या पैशांत, आम्हाला डोळ्यांनी पाहता येईल असे काय उभे करशील?' त्यासाठी लागणारी रक्कम वेगळी काढावी. ती बुडाली तरी घर हलणार नाही, इतकीच असावी. घरातील एका ज्येष्ठाने त्या कामात स्वतः वेळ द्यावा. आणि काम वाढून भागीदारीची वेळ आलीच, तर निर्मितीचा शब्द कोणाचा अखेरचा आणि खर्चाचा कोणाचा, हे पहिला रुपया घालण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आपसातील प्रेमावर ते सोडू नये. प्रेम टिकावे म्हणूनच ते लिहावयाचे असते.

घरातील तळमळीच्या माणसाकडून राजवाड्याची अपेक्षा धरण्याचे कारण नाही. त्याला एक कुंडी द्यावी, मूठभर माती द्यावी आणि रोपाला वर येण्यास जेवढे दिवस लागतात तेवढे द्यावेत.