आलिशान रेल्वेचा वारसा आणि रुळांची रुंदी

१९८२ या एकाच वर्षी गतकाळाचे वैभव मिरवणाऱ्या दोन आलिशान गाड्या पर्यटकांसाठी धावू लागल्या. २६ जानेवारीला राजस्थानात ‘पॅलेस ऑन व्हील्स’, तर २५ मे रोजी युरोपात ‘व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट एक्स्प्रेस’. दोहोंचे खरे भांडवल जुने डबे हेच होते. मात्र पुढे त्यांच्या वाट्याला वेगळे भवितव्य आले.

ओरिएंट एक्स्प्रेसचा आरंभ १८८३ मध्ये पॅरिसहून झाला. बेल्जियमचे जॉर्ज नागेलमॅकर्स यांच्या ‘वॅगन-ली’ कंपनीने शयनयान व भोजनयानाची कल्पना युरोपभर रुजवली. सुरुवातीचे डबे लाकडी असल्याने आगीचा व अपघाताचा धोका मोठा होता. १९२२ पासून पोलादी डबे आले, निळ्या-सोनेरी रंगात सजले आणि आर्ट डेको शैलीला चालते दालन मिळाले. रेने प्रू यांनी भिंतींसाठी निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून फुलापानांची नक्षी जुळवली. रेने लालिक यांच्या काचशिल्पांनी १९२९ मधील ‘कोत दाझ्यूर’ डब्यांना शोभा आणली. जागेच्या टंचाईतून सुचलेल्या युक्त्या तर या सजावटीहूनही मनोहर वाटतात. दिवसाचा सोफा रात्री शय्या होई आणि कोपऱ्यातील नक्षीदार कपाट उघडताच आत हात-तोंड धुण्याचे कुंड दिसे.

पॅरिस-इस्तंबूल थेट सेवा १९७७ मध्ये थांबली. त्याच वर्षी मोंटे कार्लो येथील लिलावात उद्योजक जेम्स शेरवूड यांनी दोन डबे घेतले. नंतर ठिकठिकाणी विखुरलेले आणखी डबे शोधून त्यांचा जीर्णोद्धार करण्यात आला. रूळ तेच, त्यामुळे डबेही तेच राहू शकले. प्रवाशांची गैरसोय मात्र तशीच राहिली. डब्याच्या टोकाला कोळशावर पाणी तापवून ऊब द्यायची, ही जुनी रीतही टिकून राहिली.

भारतातील गाडीत माजी संस्थानिकांचे खासगी सलून जोडले होते आणि ती मीटर गेजवर, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर, वाफेच्या इंजिनाने धावे. उन्हाळी देशात वातानुकूलनाविना महाराजांचा थाट फार काळ पेलणारा नव्हता. त्यात १९९० च्या दशकात राजस्थानातील प्रमुख मार्ग १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजमध्ये बदलू लागले. अरुंद मार्गासाठी बांधलेले सलून तेथे चालवणे व्यवहार्य नव्हते. नव्या गाडीचे डबे त्यामुळे नव्यानेच बांधले गेले. त्यांना राजपुतान्यातील संस्थानांची नावे दिली, आतील सजावटही त्या-त्या परंपरेतून घेतली. ही कारागिरी कमी प्रतीची म्हणता येणार नाही. परंतु तो मूळ वस्तूचा नव्हे, शैलीचा वारसा आहे.

मूळ वस्तू पाहायची तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावे लागते. म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ मधील सागवानी सलून तेथे उभा आहे.